स्केन बीजगणिताच्या सहवासात

पृष्ठभागांच्या स्केन बीजगणितांची प्रतिरूपणे हा क्वांटम टोपॉलॉजीतील असा विषय आहे, की त्याच्या व्याख्या दोन पानांत मावतात आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यालाही समजावून देता येतात, परंतु त्या व्याख्यांत बसणारे एखादे उदाहरण प्रत्यक्ष लिहून काढायचे झाले तर त्यात अभ्यासकाची वर्षे खर्ची पडतात. या क्षेत्रात कामाचे बहुतेक आयुष्य घालवलेल्या अभ्यासकाला, इतक्या काळात नेमके काय शिकायला मिळाले, असे विचारले, तर उत्तरादाखल प्रमेयांची यादी पुढे येत नाही. एखादी गणिती वस्तू अस्तित्वात आहे आणि ती एकच आहे हे सिद्ध होणे वेगळे, आणि त्या वस्तूची ओळख होणे वेगळे, हे त्या उत्तराचे सार असते. आणि या दोहोंत किती अंतर असू शकते हे या विषयाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या विषयाने क्वचितच दाखवले असेल.

मुळाशी असलेली कल्पना चित्रांची आहे. एखादा पृष्ठभाग घ्यावा, त्याला थोडी जाडी द्यावी आणि त्या जाडीच्या आत बंद फिती ठेवाव्यात. या फिती एकमेकींच्या वरून-खालून जाऊ शकतात, त्यांच्या गाठी पडू शकतात, आणि वरून पाहिले असता पृष्ठभागावर छेद असलेले एक वक्रचित्र दिसते. अशा चित्रांना संख्यांनी गुणण्याची व त्यांच्या बेरजा करण्याची मुभा दिली आणि त्यांवर दोन नियम लादले, की स्केन अवकाश तयार होतो. पहिला नियम असा, की प्रत्येक छेद दोन प्रकारे सोडवता येतो, आणि छेद असलेले चित्र म्हणजे पहिल्या प्रकारे सोडवलेल्या चित्राची ‘अ’ पट अधिक दुसऱ्या प्रकारे सोडवलेल्या चित्राची ‘१/अ’ पट, जिथे ‘अ’ ही आधीच ठरवून ठेवलेली, शून्य नसलेली संमिश्र संख्या असते. दुसरा नियम असा, की पृष्ठभागावरच आक्रसत नेऊन बिंदूत नाहीसे करता येईल असे वर्तुळ पुसून टाकावे आणि उरलेल्या चित्राला, अ चा वर्ग व १/अ चा वर्ग यांच्या बेरजेची ऋण किंमत घेऊन, त्या संख्येने गुणावे. दोन चित्रांचा गुणाकार म्हणजे एक चित्र जाडीच्या वरच्या अर्ध्या भागात आणि दुसरे खालच्या अर्ध्या भागात ठेवणे. कोणते वर आणि कोणते खाली यावर उत्तर अवलंबून असल्यामुळे हा गुणाकार सामान्यतः क्रमनिरपेक्ष नसतो, आणि विषयातील सारी गोडी व सारी अडचण या एका गोष्टीतून जन्म घेते. वॉन जोन्स यांनी १९८४ साली गाठींची जी बहुपदी शोधली ती लुई कॉफमन यांनी १९८७ साली याच दोन नियमांतून मिळवून दाखवली, आणि पुढे व्लादिमिर तुरायेव व युझेफ प्शितित्स्की यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे नियम नेहमीच्या अवकाशाबाहेर, जाडी दिलेल्या पृष्ठभागांवर व इतर त्रिमितीय अवकाशांवर नेले.

या विषयात नव्याने येणाऱ्याची पहिली काही वर्षे बहुतांशी चित्रे काढण्यात जातात, आणि ती वाया जात नाहीत हे फार नंतर कळते. दहा छेद असलेल्या एका चित्रातून छेद सोडवता सोडवता १,०२४ चित्रे निघतात, त्यांतील पुष्कळशी एकमेकांशी जुळतात, काहींमध्ये पुसता येण्याजोगी वर्तुळे दडलेली असतात, आणि एखाद्या ठिकाणी ‘अ’ आणि ‘१/अ’ यांची अदलाबदल झाली तर शेवटचे उत्तर दिसायला तितकेच देखणे पण संपूर्ण वेगळे येते. म्हणून जुन्याजाणत्यांकडून नव्यांना एक सवय वारशाने मिळते: कोणतेही सूत्र हाती आले, की त्यात अ = −१ ठेवून पाहावे. त्या किमतीला ‘अ’ आणि ‘१/अ’ एकच होतात, वरून जाणे व खालून जाणे यांतला भेद उरत नाही, आणि बीजगणित क्रमनिरपेक्ष होते. डग बुलक यांनी १९९७ साली आणि पाठोपाठ प्शितित्स्की व अ‍ॅडम सिकोरा यांनी दाखवले त्याप्रमाणे, हे क्रमनिरपेक्ष बीजगणित म्हणजे पृष्ठभागाच्या मूलभूत गटाच्या प्रतिरूपणांवरील फलनांचे बीजगणित होय. मूलभूत गट म्हणजे एका ठरावीक बिंदूपासून निघून तेथेच परतणाऱ्या वाटांचा गट, आणि त्याचे येथे अभिप्रेत असलेले प्रतिरूपण म्हणजे प्रत्येक वाटेला, निर्धारक १ असलेले दोन ओळी व दोन स्तंभांचे संख्यांचे चौरस कोष्टक, म्हणजेच मॅट्रिक्स, अशा रीतीने जोडणे की वाटांचे जोडकाम आणि मॅट्रिक्सचा गुणाकार यांचा मेळ बसावा. बंद वक्राला या शब्दकोशात त्याच्या मॅट्रिक्सच्या ट्रेसची, म्हणजे कर्णावरील संख्यांच्या बेरजेची, ऋण किंमत मिळते. आणि छेद सोडवण्याचा नियम तेव्हा, दोन मॅट्रिक्सच्या ट्रेसांचा गुणाकार हा त्यांच्या गुणाकाराचा ट्रेस आणि पहिलीला दुसरीच्या व्यस्ताने गुणून येणाऱ्या मॅट्रिक्सचा ट्रेस यांच्या बेरजेइतका असतो, या जुन्या सूत्रात रूपांतरित होतो. अ = −१ येथे हे सूत्र जर निघाले नाही, तर चित्रात कुठेतरी चिन्ह चुकलेले आहे हे निश्चित. जे विद्यार्थी ही सवय लवकर लावून घेतात ते पुढे टिकतात, आणि जे केवळ संगणकाच्या बीजगणिती प्रणालीवर विसंबून राहतात त्यांच्या हाती बिनचूक उत्तरे येतात परंतु त्या उत्तरांमागचा आकार दिसत नाही, असे निरीक्षण या क्षेत्रातील अनेक मार्गदर्शकांनी नोंदवलेले आहे.

स्केन बीजगणिताचे प्रतिरूपण म्हणजे प्रत्येक चित्राला ठरावीक आकाराची एक मॅट्रिक्स अशी द्यावी, की चित्रांची बेरीज व गुणाकार हे मॅट्रिक्सच्या बेरीज-गुणाकाराशी तंतोतंत जुळावेत. मॅट्रिक्सच्या ओळींची संख्या म्हणजे प्रतिरूपणाची मिती, आणि ज्याच्या आत दुसरे लहान प्रतिरूपण दडलेले नसते ते अविभाज्य. ‘अ’ ही संख्या एकाचे मूळ असेल, म्हणजे तिचा कोणता तरी घात १ असेल, तर सान्त मितीची प्रतिरूपणे विपुल मिळतात, आणि विपुलतेचे कारण बीजगणिताच्या केंद्रात असते. केंद्र म्हणजे जे घटक इतर सर्व घटकांशी कोणत्याही क्रमाने गुणले तरी उत्तर बदलत नाही अशा घटकांचा संच. येथे ‘म’ ही विषम संख्या घेऊन अ चा म-वा घात −१ आणि अ चा वर्ग हे एकाचे नेमके म-वे मूळ आहे असे धरण्याचा प्रघात आहे, आणि पुढचे सर्व विवेचन याच किमतींविषयी आहे.

या केंद्रातील घटक कसे ओळखावेत, हा ज्यांनी हाताने हिशेब केला त्यांच्या स्मरणात राहणारा टप्पा आहे. म = ३ हे सर्वांत लहान उदाहरण घेऊन मेदूवड्याच्या आकाराच्या पृष्ठभागावर, ज्याला टोरस म्हणतात, एकमेकांना एकदाच छेदणारे दोन वक्र घ्यावेत: ‘क्ष’ आडवा आणि ‘य’ उभा. क्ष चा घन य शी गुणला तर तीन छेद मिळतात आणि ते सोडवल्यावर आठ चित्रे. या आठांपैकी सहा चित्रांत ‘य’ कधी एका दिशेला तर कधी उलट दिशेला वळतो आणि ती वळणे एकमेकांना अंशतः मारतात. उरलेल्या दोन चित्रांत तिन्ही छेद एकाच पद्धतीने सुटलेले असतात. आता क्ष च्या घनामधून ३क्ष वजा करून मग य शी गुणावे, म्हणजे वजा होणाऱ्या सहा पदांनी ती सहा चित्रे नेमकी नाहीशी होतात, आणि मागे राहतात फक्त दोन, एक ‘अ’ च्या घनाने गुणलेले आणि दुसरे ‘१/अ’ च्या घनाने. अ चा घन −१ असल्यामुळे हे दोन्ही गुणक समान होतात, क्रम बदलला तरी उत्तर तेच राहते, आणि (क्ष चा घन − ३क्ष) हा घटक ‘य’ शी क्रमनिरपेक्षपणे गुणला जातो. ही बहुपदी कोणाची मनमानी निवड नसून ती चेबिशेव यांच्या पहिल्या प्रकारच्या बहुपदींच्या मालिकेतील, योग्य मापाने घेतलेली, तिसरी बहुपदी आहे. या मालिकेचे वैशिष्ट्य असे, की निर्धारक १ असलेल्या दोन-दोनच्या मॅट्रिक्सच्या ट्रेसमध्ये म-वी बहुपदी लावली तर त्या मॅट्रिक्सच्या म-व्या घाताचा ट्रेस मिळतो.

दोन वक्र एकदाच छेदत असतील तोवर हा सर्व खेळ एका कागदावर उलगडतो, परंतु ते अनेकदा छेदू लागले, की नाहीशी व्हावीत अशी चित्रे शेकड्यांनी वाढतात, आणि ती सर्व खरोखर नाहीशी होतात याला केवळ चित्रांची जुळणी पुरत नाही, ‘अ’ हे मूळ असल्याचा उपयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो. फ्रान्सिस बोनाहोन आणि हेलेन वाँग यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच या निरसनांना चमत्कारी म्हटले, आणि थांग ले यांनी निव्वळ चित्रांच्या भाषेत त्यांची वेगळी सिद्धता दिली. विषयात मुरलेल्या अभ्यासकालाही ही निरसने आजही पूर्णपणे ‘समजली’ असे म्हणवत नाही. सिद्धता पटते, प्रत्येक पायरी तपासता येते, तरीही एखादा मोठा हिशेब संपत येताना पदे भराभर गळून पडतात तेव्हा जो आनंद होतो तो पहिल्या वेळेइतकाच असतो, आणि या क्षेत्रात माणसे टिकून राहतात त्याचे हे एक प्रामाणिक कारण आहे.

केंद्र हाती आल्याचा परिणाम असा, की प्रत्येक अविभाज्य प्रतिरूपणाला एक छाया मिळते. केंद्रातील घटकांना अविभाज्य प्रतिरूपणात केवळ संख्येने गुणण्याचे काम उरते, आणि त्या संख्या मूलभूत गटाचे एक दोन-दोनच्या मॅट्रिक्समधले प्रतिरूपण ठरवतात; म्हणजे ‘अ’ एकाचे मूळ असताना क्वांटम जगातल्या प्रत्येक अविभाज्य वस्तूच्या मागे अ = −१ च्या अभिजात जगातला एक बिंदू उभा असतो. साहजिकच दोन प्रश्न पुढे येतात: प्रत्येक छायेला प्रतिरूपण असते काय, आणि असल्यास ते एकच असते काय.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी बोनाहोन व वाँग यांनी जो मार्ग बांधला त्यावर या क्षेत्रातील एका पिढीने बरीच वर्षे काढली. पृष्ठभागाला छिद्रे असतील तर त्याचे त्रिकोणीकरण करता येते, असे की सर्व त्रिकोणांची टोके छिद्रांतच असावीत. मेदूवड्याला असते तशी ‘ग’ भोके आणि पृष्ठभागातच पाडलेली ‘छ’ छिद्रे असलेल्या पृष्ठभागाला अशा त्रिकोणीकरणात ६ग − ६ + ३छ कडा लागतात. प्रत्येक कडेला एक चल द्यावा आणि चलांचा क्रम बदलला की एकाच्या ठरावीक मुळाने गुणावे, असा नियम केला म्हणजे लिओनिद चेखोव्ह व व्लादिमिर फॉक यांचे बीजगणित मिळते, ज्याची प्रतिरूपणे लिहिणे सोपे असते: एका मॅट्रिक्समध्ये कर्णावर मुळाचे क्रमाने येणारे घात, दुसरीत ओळी एकेक घराने चक्राकार सरकवणे, आणि बाकी सर्व या दोहोंच्या जुळणीतून. क्वांटम ट्रेस नावाची जोडणी स्केन बीजगणिताला या सोप्या बीजगणितात नेऊन ठेवते. सांगायला ही गोष्ट सरळ आहे. प्रत्यक्षात एखादा वक्र त्रिकोणांमधून वीस-पंचवीस वेळा जात असेल तर प्रत्येक वळणावर कोणता गुणक येतो, चलांचा क्रम कोणता धरावा, आणि कडेवर दोन धागे एकापुढे एक आले असता त्यांतला वरचा कोणता, याची नोंद ठेवताना नवखा माणूस थकून जातो. या कामात शिकलेली आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, ती म्हणजे एक छिद्र असलेला टोरस आणि चार छिद्रे असलेला गोल हे दोन लहान पृष्ठभाग इतके बारकाईने ओळखीचे करून घ्यावेत, की मोठ्या पृष्ठभागावरचे प्रत्येक विधान आधी त्यांवर तपासता यावे. एका छिद्राच्या टोरसवर क्ष, य आणि त्यांच्या छेदातून निघणारा झ असे तीनच वक्र सर्व बीजगणित निर्माण करतात, त्यांच्यातील संबंध तीन छोट्या समीकरणांत मावतात, सामान्य प्रतिरूपणाची मिती म इतकीच असते, आणि अ = −१ ठेवल्यावर फ्रिके यांच्या काळापासून ज्ञात असलेले ट्रेसांचे घन समीकरण समोर उभे राहते.

छिद्रे नसलेल्या, म्हणजे बंद, पृष्ठभागांची स्थिती निराळी आहे, आणि या विषयावरील व्याख्यानांत श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो तो प्रश्न याच ठिकाणचा असतो. दोन भोकांच्या बंद पृष्ठभागासाठी, मनाजोगती छाया घेऊन, एक तरी प्रतिरूपण फळ्यावर लिहून दाखवता येईल काय, असा तो प्रश्न असतो. व्याख्याता अस्तित्वाचे प्रमेय सांगतो: पृष्ठभागाला तात्पुरती छिद्रे पाडून मोठ्या मितीचे प्रतिरूपण घ्यावे आणि छिद्रे बुजवताना त्या मोठ्या अवकाशातून योग्य तो उपावकाश वेगळा काढावा, म्हणजे प्रत्येक छायेला प्रतिरूपण मिळते. प्रश्नकर्त्याचे समाधान होत नाही, कारण त्याला उपावकाशाचा पाया व त्यावरील मॅट्रिक्स हवे असतात, आणि फळ्यावर मावणारे असे लेखन व्याख्यात्यापाशी नसते. ही नाराजी रास्त आहे, आणि ती मनाला लावून घेतली तरच पुढचे काम योग्य दिशेने जाते.

दुसऱ्या प्रश्नाची निकड मात्र वेगळ्या बाजूने येते. पृष्ठभागाला स्वतःवरच नेणारे एखादे गुळगुळीत रूपांतर घेतले आणि एखादी छाया त्या रूपांतराने न बदलणारी असली, तर त्या छायेचे प्रतिरूपण रूपांतरानंतर पुन्हा त्याच छायेचे प्रतिरूपण होते. ते जर एकच असेल, तर जुन्या व नव्या प्रतिरूपणांना जोडणारी मॅट्रिक्स असलीच पाहिजे, आणि तिच्या निर्धारकाचे निरपेक्ष मूल्य १ केल्यावर तिच्या ट्रेसचे निरपेक्ष मूल्य हे त्या रूपांतराचे एक अचल ठरते. जाडी दिलेल्या पृष्ठभागाच्या वरच्या व खालच्या बाजू रूपांतराने एकमेकींना चिकटवून मिळणारा त्रिमितीय अवकाश अतिपरवलयी भूमितीचा असेल, तर म वाढत जाताना हे अचल कोणत्या गतीने वाढते यावरून त्या अवकाशाचे घनफळ वाचता येते, असे बोनाहोन, वाँग आणि तियान यांग यांचे अनुमान आहे. एका छिद्राच्या टोरसच्या, असा अवकाश देणाऱ्या, सर्वांत साध्या रूपांतरातून आठच्या आकड्याच्या गाठीभोवतीचा अवकाश तयार होतो, ज्याचे घनफळ सुमारे २.०२९९ आहे, आणि संगणकावर म च्या वाढत्या किमती घेऊन ही संख्या हळूहळू उमटताना पाहणे हा या विषयातील विद्यार्थ्यांसाठी एक दीक्षाविधीच झालेला आहे. ही सारी इमारत एकमेवतेच्या एका विटेवर उभी आहे.

ती वीट अपेक्षित दिशेने आली नाही, आणि अनेकांच्या कामाला वळण देणारी घटना हीच. त्रिकोणीकरणे, क्वांटम ट्रेस आणि छिद्रे बुजवण्याच्या युक्त्या यांत वर्षे घातलेल्यांची अपेक्षा अशी होती, की एकमेवता सिद्ध होईल ती प्रतिरूपणे स्पष्टपणे बांधून आणि त्यांची एकमेकांशी तुलना करून. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स फ्रोमन, जोआना कानिया-बार्तोशिन्स्का आणि थांग ले यांच्या सिद्धतेत एकही प्रतिरूपण बांधावे लागत नाही. तीत दाखवले जाते ते इतकेच, की स्केन बीजगणित सान्त घटकांनी निर्माण होते, त्यात शून्येतर घटकांचा गुणाकार कधी शून्य होत नाही, आणि आपल्या केंद्रावर ते सान्त आकाराचे आहे. यानंतर अशा बीजगणितांविषयीचे सर्वसाधारण सिद्धांत उरलेले काम करतात, आणि निष्कर्ष निघतो की छायांच्या अवकाशातील जवळजवळ प्रत्येक बिंदूवर, छिद्रांभोवतीच्या, केंद्रातच असणाऱ्या वक्रांना मिळणाऱ्या संख्या ठरल्यानंतर, प्रतिरूपण नेमके एकच असते. मितीही केंद्रावरील आकार मोजून कळते: ग भोकांच्या बंद पृष्ठभागासाठी, ग दोन वा अधिक असताना, ती म चा (३ग − ३)-वा घात. ज्या अभ्यासकाने स्पष्ट बांधणीच्या मार्गावर बराच पल्ला गाठलेला असतो त्याला असा निबंध वाचताना प्रथम कौतुक आणि त्याबरोबरच एक रितेपण जाणवते, आणि या रितेपणाविषयी मोकळेपणाने बोलणे या व्यवसायात फारसे होत नाही, जरी बहुतेकांना त्याचा अनुभव केव्हा ना केव्हा येतो. कालांतराने ध्यानात येते, की प्रमेयाने मार्ग बंद केलेला नाही. वस्तू एकच असल्याची हमी मिळाल्यामुळे ती कोणत्याही सोयीच्या पद्धतीने शोधावी, सापडली तर ती तीच असणार, असे स्वातंत्र्य त्याने दिले आहे.

या काळात विद्यार्थ्यांबाबत घ्यावे लागणारे निर्णयही अवघड असतात. प्रबंधासाठी विषय देताना, ज्यात तीन-चार वर्षांत निश्चित काही हाती येईल असा लहान पृष्ठभागावरचा प्रश्न द्यावा, की ज्यात खरोखरीचे अज्ञात आहे पण हाती काही न येण्याची शक्यताही तितकीच आहे असा बंद पृष्ठभागावरचा, हा पेच प्रत्येक मार्गदर्शकापुढे येतो. पदे थोडी, निबंधांची परीक्षणे दीर्घकाळ चालणारी, आणि विषय जाणणारी माणसे जगभर विखुरलेली असल्यामुळे, हुशार विद्यार्थ्यांचे प्रबंधानंतर अन्य क्षेत्रात जाण्याचे प्रमाण कमी नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी वहीत ठेवून दिलेली अर्धी उदाहरणे दुसऱ्या कोणाच्या कामात पुढे उपयोगी पडतात. म्हणून निष्कर्ष न निघालेला हिशेबसुद्धा नीट लिहून, कोणती चिन्हे धरली आहेत ते वर नमूद करून, ठेवून द्यावा, हा आग्रह या क्षेत्रातील चांगले मार्गदर्शक धरतात.

एकमेवतेच्या प्रमेयातील ‘जवळजवळ प्रत्येक’ या शब्दांत जे वगळले गेले तिकडे लक्ष वळणे हे अभ्यासकाच्या वाटचालीतील त्यानंतरचे आणि अधिक फलदायी वळण ठरले. इयोर्दान गानेव, डेव्हिड जॉर्डन आणि पाव्हेल साफ्रोनोव यांनी दाखवले की दोन वा अधिक भोकांच्या बंद पृष्ठभागावर छाया स्वतः अविभाज्य असेल तेथे एकमेवता टिकते; तेव्हा वगळलेले बिंदू शोधायचे ते छाया विभाज्य असेल तेथे. आणि ज्या प्रतिरूपणापासून या विषयाचा उगम झाला ते नेमके तेथेच आहे. एडवर्ड विटेन यांनी १९८९ साली भौतिकीच्या भाषेत सुचवलेले आणि निकोलाय रेशेतिखिन व तुरायेव यांनी १९९१ साली गणिताच्या भाषेत उभारलेले प्रतिरूपण घेतले, तर त्याची छाया प्रत्येक वाटेला एकक मॅट्रिक्स देणारी, म्हणजे सर्वांत क्षुल्लक, निघते, हे बोनाहोन व वाँग यांनी सिद्ध केले. छायांच्या अवकाशातील सर्वांत तीक्ष्ण टोकावर, जेथे सर्वसाधारण प्रमेय काहीच सांगत नाही, तेथे सर्वांत परिचित प्रतिरूपण बसलेले आहे. या प्रतिरूपणाचा अवकाश भूमितीच्या बाजूने पाहिला तर पृष्ठभागावरील सदिश-बंडलांच्या अवकाशावरील व्यापक थीटा फलनांचा असतो, आणि या बाजूचा पाया मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांच्या १९६५ सालच्या प्रमेयात आहे, ज्याने स्थिर सदिश-बंडले आणि मूलभूत गटाची अविभाज्य एकात्म प्रतिरूपणे ही एकाच वस्तूची दोन रूपे असल्याचे दाखवले. स्केन चित्रांवर वाढलेल्या अभ्यासकाला हे वाङ्मय वाचण्यासाठी स्वतंत्रपणे पुष्कळ शिकावे लागते, आणि उशिरा शिकल्याने जे नुकसान झाले ते भरून निघत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू आरंभापासून शिकवाव्यात असे आग्रहपूर्वक सांगावेसे वाटते.

या तीक्ष्ण टोकांवर काय घडते हे टोरसवर संपूर्ण दिसते, आणि त्यामुळे तो हिशेब येथे थोडक्यात देण्याजोगा आहे. टोरसचे स्केन बीजगणित, फ्रोमन व रझवान जेल्का यांनी २००० साली दाखवल्याप्रमाणे, दोन चलांच्या क्वांटम टोरसमधील, म्हणजे चलांचा क्रम बदलला की ‘अ’ च्या ठरावीक घाताने गुणावे लागते अशा बीजगणितातील, त्या घटकांचे बनलेले असते जे दोन्ही चलांच्या जागी त्यांचे व्यस्त घातले तरी बदलत नाहीत. सर्वसामान्य छायेवर अविभाज्य प्रतिरूपण एकच आणि त्याची मिती म. परंतु ज्या चार छायांत प्रत्येक वाटेला एकक मॅट्रिक्स किंवा तिची ऋण मॅट्रिक्स मिळते, तेथे व्यस्त घेण्याची क्रिया म मितीच्या अवकाशावरच उतरते आणि त्याचे सम व विषम असे दोन भाग पाडते, एकाची मिती (म + १)/२ आणि दुसऱ्याची (म − १)/२, आणि हे दोन्ही भाग स्वतंत्र अविभाज्य प्रतिरूपणे असतात; म = ५ असता तीन आणि दोन. एकमेवता येथे खरोखरच मोडते, पण ती कशी मोडते हे संपूर्णपणे कळते, आणि विटेन, रेशेतिखिन व तुरायेव यांचे प्रतिरूपण म्हणजे क्षुल्लक छायेवरचा विषम भाग हेही कळते. आपण ज्याला केवळ लहान प्रतिरूपण समजत होतो ते एका मोठ्या प्रतिरूपणाचा तुटलेला अर्धा भाग आहे, आणि त्याचा जोडीदार शेजारीच आहे, हे दिसल्यावर बंद पृष्ठभागांकडे पाहण्याची अभ्यासकाची दृष्टी बदलते.

दोन भोकांच्या पृष्ठभागावर म = ५ असताना सामान्य छायेवरील प्रतिरूपणाची मिती १२५, आणि क्षुल्लक छायेवरील विटेन–रेशेतिखिन–तुरायेव प्रतिरूपणाची मिती ५. टोरसवर पाचाचे तीन व दोन असे तुकडे झाले, त्या अर्थाने येथे १२५ चे तुकडे कोणते आणि त्या पाचाच्या शेजारी कोण कोण बसलेले आहे, हा प्रश्न घेऊन पृष्ठभाग मधून कापावा, एका छिद्राचे दोन टोरस वेगळे करावेत, प्रत्येकावर क्ष, य आणि झ यांच्या पाच-पाच ओळींच्या मॅट्रिक्स मांडाव्यात, आणि कापलेल्या वर्तुळाची किंमत दोन्हीकडे जुळवत जावे, असे काम सध्या चालू आहे; त्यातील पहिली कोष्टके हातानेच काढलेली आहेत, आणि प्रत्येकाच्या शेजारी अ = −१ ठेवून केलेली पडताळणी लिहिलेली आहे.